शपथ देवविण्याचा अधिकार आणि नौदलाची कचेरी

कोकणातील एखाद्या घरचा कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे महसूल दप्तरात वारसांची नोंद करण्याचा प्रश्न उभा राहतो. तीन भावांपैकी एक गावी शेती पाहत असतो, दुसरा मुंबईस नोकरीत असतो आणि तिसरा नौदलात, जहाजावर. पहिले दोघे तालुक्याच्या गावी जाऊन आपापली प्रतिज्ञापत्रे एका सकाळीत करून मोकळे होतात. तिसऱ्याचे मात्र अडते, कारण त्याचे जहाज महिना-दीड महिना बंदराला लागणार नसते. जहाजावर त्याचा कमांडिंग ऑफिसर आहे, कचेरी आहे, त्या कचेरीत त्याच्या नोकरीची साद्यंत कागदपत्रे आहेत, गोल शिक्का आहे. नाही ती एकच गोष्ट : त्या कचेरीपुढे घेतलेली शपथ किनाऱ्यावरच्या प्रत्येक दप्तराने निःशंकपणे स्वीकारावी, असे सांगणारी कायद्याची स्वच्छ तरतूद.

बाब क्षुल्लक वाटेल. संरक्षणखात्याच्या अवाढव्य व्यवहारात एका प्रतिज्ञापत्राची काय मातब्बरी, असे विचारणारेही भेटतील. परंतु ज्याची जमीन, ज्याचा दावा किंवा ज्याच्या मुलाचा शाळाप्रवेश त्या एका कागदावर अडला आहे, त्याला ती क्षुल्लक नसते. आणि असे कागद नौसैनिकाच्या आयुष्यात एकदाच येतात असेही नाही. नावातील फरक, जन्मतारखेतील चूक, हरवलेले प्रमाणपत्र, घराचे हस्तांतरण, बँकेतील वारसा, न्यायालयातील अर्ज, ही यादी कोणत्याही संसारी माणसाच्या परिचयाची आहे. फरक इतकाच, की इतरांना कचेरीच्या वेळात कचेरीपर्यंत जाता येते.

शपथ घेणारा खरे बोलतो की खोटे, एवढ्यावरच शपथेचे मोल ठरते असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो अपुरा आहे. शपथ कोणी देवविली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो. शपथ देवविण्याचा अधिकार ज्याला कायद्याने आहे त्याच्यापुढे केलेले खोटे विधान हा गुन्हा ठरतो. भारतीय दंडसंहितेच्या १८१ व्या कलमात हे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते कायम ठेवले आहे. तेच खोटे विधान अनधिकृत व्यक्तीपुढे केले, तर ते नीतीच्या दृष्टीने कितीही निंद्य असले तरी त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. म्हणजे देवविणाऱ्याच्या अधिकारात उणीव असली, की खरे सांगणाऱ्याचा कागद नाकारला जातो आणि खोटे सांगणारा सुटू शकतो. दोन्हीकडून नुकसानच.

१८७३ ते १९६९

शपथेचा अधिकार हा आपल्याकडे जुन्या काळापासून वादाचा विषय राहिला आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढील तंट्यात बेलभंडारा उचलणे, देवळात किंवा नदीच्या संगमावर शपथ घेणे, प्रसंगी दिव्य करणे हे निवाड्याचे मान्य मार्ग होते. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ देण्याची रीत होती. १८४० च्या कायद्याने त्या जागी प्रतिज्ञा आली. पुढे १८७३ चा भारतीय शपथ कायदा झाला. त्यात, 'प्रतिपक्षाने अमुक शपथ घेतली तर मी ती बंधनकारक मानीन' असे म्हणण्याची मुभा पक्षकारांना होती. म्हणजे बेलभंडाऱ्याचा एक अंश इंग्रजी कायद्यातही शंभर वर्षे जवळजवळ तग धरून राहिला. विधि आयोगाने १९६५ मध्ये आपल्या अठ्ठाविसाव्या अहवालात या जुन्या कायद्याचा परामर्श घेतला आणि १९६९ चा शपथ अधिनियम त्यातून निष्पन्न झाला. विशेष शपथेचे ते प्रकरण त्यात गाळले गेले.

सेनादलांच्या ठाण्यांविषयीची तरतूद मात्र जुन्या कायद्यातून नव्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली, आणि येथेच प्रस्तुत प्रश्नाचे मूळ आहे. १९६९ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाचे पहिले पोटकलम शपथ देवविण्याचा अधिकार दोघांना देते. एक, पुरावा घेण्याचा अधिकार असलेली न्यायालये व व्यक्ती. आणि दुसरा, सशस्त्र दलांच्या ताब्यातील भूदल, नौदल वा वायुदलाच्या ठाण्याचा अथवा जहाजाचा कमांडिंग ऑफिसर. हा अधिकार त्याने स्वतः वापरावा किंवा त्याने त्यासाठी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्यामार्फत वापरावा, असे कायदा म्हणतो. त्याला दोन अटी आहेत. शपथ ही कायद्याने सोपविलेल्या कर्तव्याच्या किंवा अधिकाराच्या अनुषंगाने असली पाहिजे, आणि ती ठाण्याच्या हद्दीत देवविली पाहिजे.

कागदावर ही तरतूद पुरेशी दिसते. बारकाईने वाचता तिच्यातील तीन फटी लक्षात येतात.

पहिली फट 'कर्तव्याच्या अनुषंगाने' या शब्दांत आहे. जहाजावर एखाद्या अपघाताची चौकशी चालू असेल, साक्षी नोंदवावयाच्या असतील, तर कमांडिंग ऑफिसरचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु नाविकाच्या वडिलोपार्जित जमिनीविषयीचे प्रतिज्ञापत्र हे कमांडिंग ऑफिसरचे कोणते कर्तव्य? प्रतिज्ञापत्रांसाठी त्याच कलमाचे दुसरे पोटकलम आहे. त्यानुसार न्यायालयीन कामाच्या प्रतिज्ञापत्रांसाठी उच्च न्यायालयाने आणि इतर प्रतिज्ञापत्रांसाठी राज्यशासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीसच शपथ देवविता येते. म्हणजे पहिल्या पोटकलमात जो अधिकारी सन्मानाने मिरवतो, तो दुसऱ्या पोटकलमाच्या दारात कोणी तरी चिठ्ठी देईपर्यंत ताटकळत उभा असतो.

दुसरी फट इतर कायद्यांशी सांधा न जुळल्याने पडली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३९ व्या कलमात प्रतिज्ञापत्रावर शपथ कोणी देववावी याची यादी आहे : न्यायालय, दंडाधिकारी, उच्च न्यायालयाने नेमलेला अधिकारी वा अन्य व्यक्ती, आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून नोटरी. या यादीत कमांडिंग ऑफिसर नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९७ व्या कलमातील यादीत तो नव्हता आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. गंमत अशी, की हीच दिवाणी प्रक्रिया संहिता दुसऱ्या ठिकाणी या अधिकाऱ्यावर पुरता विश्वास टाकते. तिच्या अठ्ठाविसाव्या आदेशानुसार रजा न मिळू शकणाऱ्या सैनिकाला वा नाविकाला आपल्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास देता येतो. ते अधिकारपत्र त्याने कमांडिंग ऑफिसरच्या समक्ष सही करून द्यावयाचे असते. तो कचेरीच्या नोकरीत असेल तर त्या कचेरीच्या प्रमुखाच्या समक्ष. कमांडिंग ऑफिसरने त्यावर प्रतिस्वाक्षरी केली की न्यायालय ते दाखल करून घेते. सबंध दावा दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या कागदावर ज्याची सही चालते, त्याच्यापुढे त्याच दाव्यातील एका साध्या अर्जाचे प्रतिज्ञापत्र मात्र करता येत नाही. या विसंगतीचे समर्थन करणारा युक्तिवाद सापडणे कठीण आहे.

तिसरी फट मनुष्यबळाची. कमांडिंग ऑफिसर अधिकार देऊ शकतो तो 'अधिकाऱ्याला'. नौदलाच्या कचेरीत प्रत्यक्ष काम करणारा वर्ग कोणता? तेथे 'रायटर' या नावाने ओळखला जाणारा नाविकांचा एक व्यवसाय-वर्ग आहे. नोकरीची कागदपत्रे, वेतन, रजा, पत्रव्यवहार या साऱ्यांचा भार तो वाहतो. मालाडजवळ मार्वे येथील आयएनएस हमला या आस्थापनेत लॉजिस्टिक्स शाखेच्या अधिकाऱ्यांचे व नाविकांचे शिक्षण होते, ते याच कामाचे. १९५७ च्या नौदल अधिनियमाच्या परिभाषेत 'अधिकारी' आणि 'नाविक' हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. पेटी ऑफिसर हा नावाने ऑफिसर असला तरी कायद्याने नाविकच. शपथ अधिनियमातील 'अधिकारी' हा शब्द याच अर्थाने घ्यावयाचा, की एखाद्या पदाचे काम अधिकृतपणे करणारा कोणीही, या व्यापक अर्थाने, हा वाद निर्माण होऊ शकतो. ज्या कागदावर पुढे कोणाच्या तरी जमिनीचा निकाल लागावयाचा, त्याच्या मुळाशी असा वाद शिल्लक ठेवणे शहाणपणाचे नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नौदलात रुजू होताना घ्यावयाची राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ ही या चर्चेच्या बाहेरची. ती नौदल अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार कमांडिंग ऑफिसरपुढे किंवा नियमांनी ठरविलेल्या अधिकाऱ्यापुढे घेतली जाते. कोर्ट-मार्शलपुढील शपथांचीही व्यवस्था त्याच अधिनियमात आहे. शपथ अधिनियमाने या दोन्ही गोष्टी दुसऱ्या कलमातच आपल्या कक्षेतून वगळल्या आहेत. सैनिक म्हणून घ्यावयाच्या शपथेची तजवीज कायद्याने काटेकोर केली. अडचण आहे ती नाविकाला नागरिक म्हणून घ्याव्या लागणाऱ्या शपथेची.

अमेरिकेने काय केले

याच प्रश्नाला अमेरिकेत निराळे उत्तर मिळाले. तेथील सेनादलांसाठी १९५० मध्ये संमत झालेल्या आणि १९५१ पासून लागू झालेल्या एकत्रित लष्करी न्यायसंहितेच्या १३६ व्या कलमात लष्करी प्रशासनाच्या कामासाठी शपथ देवविण्याचा अधिकार कोणाला, याची पदवार यादी दिली आहे. विधि अधिकारी आणि नौदलाचे कमांडिंग ऑफिसर तिच्यात आहेतच. पण त्यांच्याबरोबर ॲडज्युटंट, सहायक ॲडज्युटंट, कार्यकारी ॲडज्युटंट आणि कर्मचारीविषयक कामाचे ॲडज्युटंट असे निखळ कचेरीतले पदाधिकारीही आहेत. याखेरीज नियमांनी नेमावयाच्या इतर व्यक्तींसाठी जागा राखली आहे. ही पदनामे भूदलाच्या वळणाची. नौदलात त्याच तोलाची माणसे कोणती, हे त्या दलाच्या विधिविभागाची नियमावली ठरविते. १९७२ मध्ये तर तेथील नौदलाने कायदेविषयक कचेरीकामासाठी 'लीगलमन' हा नाविकांचा स्वतंत्र व्यवसाय-वर्गच निर्माण केला.

सैनिकांच्या खासगी कागदपत्रांचा प्रश्नही तेथे विसरला गेला नाही. नोटरीचे सर्वसाधारण अधिकार पूर्वी त्याच १३६ व्या कलमात होते. १९९० मध्ये ते एका स्वतंत्र कलमात आणून अधिक विस्ताराने मांडण्यात आले. त्या कलमातील दोन वाक्ये विशेष लक्षणीय आहेत. या कामासाठी कोणतेही शुल्क देता वा घेता येणार नाही, हे एक. अशा व्यक्तीची सही व तिच्याखालील पदनाम हाच ती सही खरी असल्याचा व तिला अधिकार असल्याचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जाईल, हे दुसरे. या दुसऱ्या वाक्याने घटकराज्यांच्या कचेरीतील कारकुनाचा शंकेखोर प्रश्नच संपविला. अमेरिकेची प्रत्येक गोष्ट उचलावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु अधिकार व्यक्तीच्या मोठेपणाला न चिकटविता तो कामाच्या मेजाला चिकटवावा, ही त्यामागची दृष्टी घेण्यासारखी आहे.

किंमत कोण मोजतो

आपल्याकडे हा सारा बोजा सध्या कोण उचलतो? अर्थातच नाविक. प्रतिज्ञापत्राचा खर्च म्हणजे नोटरीचे शुल्क, एवढाच हिशेब बहुतेक जण करतात. मुद्रांकाच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने २००४ मध्येच शासकीय कार्यालये व न्यायालये यांच्यापुढे सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांना माफी दिली आहे. ती ठाऊक नसलेल्यांना आजही मुद्रांकपत्र विकत घ्यावयास लावले जाते, हा भाग वेगळा. खरा खर्च निराळाच असतो. जहाज बंदराला लागल्यावर मिळणारे मोजके दिवस आणि त्यांतला एक किंवा दोन न्यायालयाच्या आवाराबाहेरच्या फळ्यांवर, टंकलेखकाच्या खुर्चीशेजारी घालविणे. ते दिवस न मिळाल्यास रजा वाढवून मागणे. तीही न मिळाल्यास मुदत उलटणे. या खर्चाची पावती कोठेच फाटत नाही, म्हणून तो सरकारी हिशेबात दिसत नाही. २००८ पासून नौदलाची जहाजे चाच्यांच्या बंदोबस्तासाठी एडनच्या आखातात पाळीपाळीने तैनात होत आली आहेत. जहाजे जितकी दूर आणि जितका काळ जातील, तितका हा अदृश्य खर्च वाढणार. परदेशी बंदरात भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे शपथ घेता येते. १९४८ च्या कायद्याने त्याला तो अधिकार दिला आहे. पण वकिलातीच्या वेळा आणि जहाजाच्या वेळा जुळणे हा योगायोग.

उलट बाजूस, जहाजाच्या कचेरीला हे काम करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. प्रतिज्ञापत्रातील सर्वात कष्टाचा भाग ओळख पटविण्याचा असतो. नोटरीपुढे येणारा मनुष्य बहुधा अपरिचित असतो, म्हणून 'मी यांना ओळखतो' असे लिहून देणारा वकील शोधावा लागतो. त्या ओळखीची खोली किती असते हे न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्यास सांगावयास नको. जहाजावरच्या कचेरीत त्या नाविकाचे छायाचित्र, सही, जन्मतारीख, वारसांची नोंद, सारे आधीच आहे. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याच्याजवळ माहिती नाही, अशी ही उफराटी वाटणी आहे.

प्रतिज्ञापत्रांचे प्रस्थच मोडावे, असा एक पक्ष आहे आणि त्यात तथ्य आहे. महाराष्ट्र शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरविले, हे योग्यच झाले. तथापि जेथे कायद्यानेच शपथ आवश्यक केली आहे तेथे स्वयंघोषणा चालत नाही, आणि न्यायालये, वारसाहक्क व मालमत्ता ही क्षेत्रे नेमकी तीच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाताखालच्या माणसांकडे हा अधिकार गेला, की शपथेचा केवळ शिक्का होऊन बसेल, असे काहींना वाटते. ही भीती निराधार नाही; किनाऱ्यावर ते घडलेलेच आहे. मजकूर वाचून न दाखविता, समोर न बसविता उठविलेले शिक्के कोणी पाहिले नाहीत? परंतु त्यावर उपाय अधिकार दूर ठेवणे हा नव्हे. अधिकार कोणत्या पदाला, हे नावानिशी लिहावे, नोंदवही ठेवावी, तिची तपासणी व्हावी. शिस्त आणि नोंदवही या दोन गोष्टी नौदलाला शिकविण्याची गरज नाही.

यापेक्षा नाजूक मुद्दा वरिष्ठ-कनिष्ठ नात्याचा आहे. नाविकाची तक्रार नौदलाविरुद्धच असेल आणि तिच्यासाठी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे त्याला अर्ज करावयाचा असेल, तर त्या अर्जाचे प्रतिज्ञापत्र आपल्याच कमांडिंग ऑफिसरच्या कचेरीत करण्याची पाळी त्याच्यावर येता कामा नये. म्हणून हा अधिकार सोय म्हणून असावा, सक्ती म्हणून नव्हे. नोटरीचा व दंडाधिकाऱ्याचा मार्ग त्याला मोकळाच राहिला पाहिजे. शपथ देवविणाऱ्याचा संबंध ओळख, सही आणि शपथ यांच्याशी आहे, मजकुराच्या गुणदोषांशी नाही, हेही नियमांत लिहून ठेवावे लागेल.

यांपैकी बराचसा भाग संसदेची वाट न पाहता करता येण्याजोगा आहे. तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार महाराष्ट्र शासन एका अधिसूचनेने मुंबईतील आयएनएस आंग्रे, मार्वे येथील हमला, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी इत्यादी आस्थापनांतील ठरावीक पदांना इतर प्रतिज्ञापत्रांसाठी अधिकृत करू शकते. न्यायालयीन प्रतिज्ञापत्रांसाठी तेच काम मुंबई उच्च न्यायालयाला करता येईल; दिवाणी प्रक्रिया संहितेतील 'अधिकारी वा अन्य व्यक्ती' हे शब्द त्यासाठी ऐसपैस आहेत आणि त्यांत पेटी ऑफिसरही सामावतो. गोवा, केरळ, आंध्र प्रदेश या नौदलाची मोठी ठाणी असलेल्या राज्यांनीही असेच करावे लागेल.

परंतु बंदरातील जहाजाचे जे जमेल ते समुद्रावरील जहाजाचे जमणार नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने भारताचे प्रादेशिक जल किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत ठरविले आहे. त्यापलीकडे गेलेल्या जहाजावर कोणत्या राज्याची अधिसूचना लागू म्हणावयाची? विशाखापट्टणमच्या जहाजावरील सिंधुदुर्गच्या नाविकाने अरबी समुद्रात केलेले प्रतिज्ञापत्र कोणत्या शासनाच्या अधिकारात झाले? शिवाय शपथ अधिनियमातील परंतुक 'ठाण्याच्या हद्दीत' असे म्हणते. कलमात जहाजाचा उल्लेख करून परंतुकात केवळ ठाण्याचीच हद्द सांगितल्याने चालत्या जहाजाचे ठाणे कोणते, हा प्रश्न तसाच राहिला आहे. त्याचे उत्तर संसदेलाच द्यावे लागेल. परंतुकात 'किंवा जहाजावर, मग ते जहाज कोठेही असो' एवढे शब्द घालणे, पहिल्या पोटकलमातील अधिकार नाविकांच्या खासगी प्रतिज्ञापत्रांनाही लागू करणे, आणि 'अधिकारी' या शब्दापुढे 'किंवा लेखी आदेशाने नेमलेला नाविक' अशी भर टाकणे, इतकी ती दुरुस्ती असेल. दिवाणी व फौजदारी प्रक्रियेच्या याद्यांत कमांडिंग ऑफिसरचा उल्लेख त्याच विधेयकाच्या परिशिष्टात करता येईल.